किराणा दुकानातला क्वार्टरबॅक आणि आपल्या जिल्ह्याची मधली पायरी

राजेहो, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. सुरुवात अमेरिकेत होते, पण शेवट बुलढाण्यातच आहे.

मागच्या आठवड्यात गावाकडं गेलो होतो. कृषी केंद्रावर खताच्या गोण्या उतरवून घेणारा एक पोरगा दिसला. ओळखीचाच. नाव सांगत नाही, कारण असा पोरगा तुमच्याही गावात आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी हा पोरगा चढाईला निघाला की समोरच्या संघाचे कोपरे मागे सरकायचे. यात्रेतल्या कबड्डीत त्याच्या नावानं माणसं थांबायची. विचारलं, "काय रे, खेळणं बंद का?" हसला आणि म्हणाला, "भाऊ, आता कुठं खेळू? शाळा संपली, कॉलेज संपलं. वय गेलं." वय किती? तेवीस!

घरी येताना गाडीवर मला कर्ट वॉर्नर आठवला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

कर्ट वॉर्नर हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नाही. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट आणि छातीला पॅड बांधून खेळायचा खेळ. अकरा जण इकडं, अकरा जण तिकडं, शंभर यार्डांचं मैदान, आणि चेंडू समोरच्याच्या हद्दीत शेवटपर्यंत पोचवायचा. यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावत येत असतात आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं, चेंडू कुणाकडं फेकायचा. कबड्डीतला मुख्य चढाईपटू आणि क्रिकेटमधला कप्तान एकाच माणसात घाला, म्हणजे क्वार्टरबॅक तयार झाला.

वॉर्नरचा जन्म 1971 चा, आयोवा राज्यातला. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. नजर पोचेल तिथवर शेती, लहान लहान गावं, आणि मोठ्या शहरातल्या लोकांना नकाशावर न सापडणारा भाग. आपल्यासारखंच समजा. कॉलेजही मोठ्या नावाचं नव्हतं, नॉर्दर्न आयोवा विद्यापीठ. तिथंही हा पहिली काही वर्षं बाकावर बसून राहिला. शेवटच्या वर्षी, म्हणजे 1993 मध्ये, संधी मिळाली आणि त्या एका वर्षात तो आपल्या गटातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला.

पण तिकडं मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, जायचा रस्ता ठरलेला असतो. दरवर्षी संघ कॉलेजातली पोरं निवडतात. 1994 च्या त्या निवडीत वॉर्नरचं नाव कुणीच घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्स या संघानं त्याला नुसतं सराव शिबिराला बोलावलं. तिथं ब्रेट फार्व्हसारखा दादा खेळाडू आधीच बसलेला. हंगाम सुरू व्हायच्या आत वॉर्नरला घरी पाठवलं.

वय तेवीस. आता आपल्या कृषी केंद्रावरच्या पोराचं वय पुन्हा आठवा.

परत आल्यावर वॉर्नरनं सीडर फॉल्स गावात हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळी धरली. काम काय, तर ग्राहक नसताना रात्री मांडणीत माल लावायचा. डबे, पाकिटं, खोकी. तासाला साडेपाच डॉलर. दिवसा आपल्याच जुन्या कॉलेजात पोरांना शिकवायला मदत करायचा आणि स्वतःचा हात गरम ठेवायचा. पुढं जिच्याशी त्यानं लग्न केलं त्या ब्रेंडाला आधीची दोन लेकरं होती, त्यातल्या मुलाला नीट दिसत नव्हतं. म्हणजे घरचा भारही होताच.

आपल्याकडं ही गोष्ट इथंच संपते. पोरगा दुकानात लागला, लग्न झालं, खेळ सुटला. वॉर्नरची गोष्ट इथं संपली नाही, आणि त्याचं कारण फक्त त्याची जिद्द नव्हती. जिद्द आपल्या पोरांतही गाडीभर आहे. कारण असं, की त्याच वेळी त्याच्या गावापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर एक मधली पायरी तयार झाली होती.

तिची कथा मजेशीर आहे. जिम फॉस्टर नावाचा एक गृहस्थ. 1981 मध्ये न्यूयॉर्कला बंदिस्त सभागृहात खेळवला जाणारा सॉकरचा सामना बघत बसला होता. त्याच्या मनात आलं, सॉकर छताखाली खेळता येतो तर आपला फुटबॉल का नाही? जवळ कागद नव्हता म्हणून हातातल्या पाकिटावरच त्यानं मैदानाचं चित्र काढलं. पुढं सहा वर्षांनी, 1987 मध्ये, चार संघ घेऊन एरिना फुटबॉल लीग सुरू झाली.

यात खेळ तोच, पण अंग आक्रसलेलं. मैदान पन्नास यार्डांचं, म्हणजे कबड्डीची साडेतीन मैदानं एकापुढं एक ठेवा एवढीच लांबी. अकराऐवजी आठ खेळाडू, आणि त्यातल्या बहुतेकांनी आक्रमणही करायचं आणि बचावही. कडेला सीमारेषेच्या जागी गादी लावलेली भिंत. खेळाडू धडकला तर भिंतीवर, आणि जोर जास्त झाला तर थेट प्रेक्षकांच्या मांडीवर! गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना जाळ्या ताणलेल्या, त्यांना आपटून चेंडू परत आला तरी खेळ चालू.

मोठ्या मैदानावरच्या शहाण्यांनी नाकं मुरडली. सर्कस म्हणाले. आपल्याकडं कबड्डी मातीवरून मॅटवर आली तेव्हा जुनी माणसं काय म्हणाली होती आठवतं ना? "मातीचा वास गेला, आता हा खेळ कसला?" तसंच.

1995 मध्ये याच फॉस्टरनं आयोवात, डे मॉइन शहरात, स्वतःचा संघ काढला. नाव आयोवा बार्नस्टॉर्मर्स. त्याला क्वार्टरबॅक हवा होता आणि जवळच एक पोरगा रात्री किराणा मालाची खोकी लावत होता.

वॉर्नर तिथं तीन हंगाम खेळला, 1995 ते 1997. आता इथं जरा थांबून बघा, कारण सगळी गंमत इथंच आहे. मोठ्या मैदानावर क्वार्टरबॅकला जागा मिळते, वेळ मिळतो. छताखालच्या छोट्या मैदानात काहीच मिळत नाही. समोरचा गडी हाताच्या अंतरावर, मागं भिंत, आणि प्रत्येक डावाला चेंडू फेकावाच लागतो. चेंडू हातात आला की सुटलाच पाहिजे. एका सामन्यात पन्नास-साठ गुण होणं नेहमीचं. म्हणजे बाकीचे क्वार्टरबॅक बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघत होते, त्या तीन वर्षांत या माणसाच्या हातून हजारो चेंडू सुटले. डोळा आणि हात यांच्यातलं अंतर संपून गेलं. आपला खेळ इथं वेगवान झाला, हे पुढं त्यानं स्वतः अनेकदा बोलून दाखवलं.

त्यानं बार्नस्टॉर्मर्सना 1996 आणि 1997 असं सलग दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं. दोन्ही वेळा हरले. 1996 ला टँपा बे स्टॉर्मकडून 38-42 असे चार गुणांनी, तर दुसऱ्या वर्षी ॲरिझोना रॅटलर्सकडून चांगलेच. पण लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात त्याचं नाव दोन्ही वर्षी पहिलं.

तरी मोठं दार उघडलं का? लगेच नाही. 1997 मध्ये शिकागो बेअर्सनं चाचणीला बोलावलं, तर लग्नानंतरच्या सहलीत याच्या फेकायच्या हाताच्या कोपराला कोळी चावला. हात सुजला, चाचणी गेली. नशीब म्हणतात ते असं. मग सेंट लुईस रॅम्स या संघानं करार केला आणि 1998 मध्ये त्याला युरोपातल्या लीगमध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळायला धाडलं. तीही मधलीच पायरी. तिथं त्यानं त्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त यार्ड चेंडू फेकला. परत आला आणि रॅम्सच्या बाकावर बसला. 1999 च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा संघ नव्यानं उभा राहत होता, तेव्हा रॅम्सनं आपले काही खेळाडू "हवे तर घ्या" म्हणून खुल्या यादीत टाकले. त्यात वॉर्नरही होता. क्लीव्हलँडनं घेतलं नाही.

आणि मग ऑगस्ट 1999. हंगाम तोंडावर आलेला आणि रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघ्याला मार लागून वर्षभरासाठी बाहेर. संघ आदल्या वर्षी सोळापैकी बारा सामने हरलेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील यांच्याकडं दुसरा इलाज नव्हता. किराणा दुकानवाला मैदानात उतरला.

त्या हंगामात वॉर्नरनं 4,353 यार्ड आणि 41 टचडाउन पास फेकले. लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. सोळापैकी तेरा सामने जिंकले. 30 जानेवारी 2000 ला सुपर बोल, म्हणजे त्यांचा वर्ल्ड कप फायनलच म्हणा. टेनेसी टायटन्सविरुद्ध 16-16 अशी बरोबरी असताना वॉर्नरनं आयझॅक ब्रूसकडं 73 यार्डांचा चेंडू धाडला. शेवटच्या क्षणी टायटन्सचा खेळाडू रेषेपासून एका यार्डावर अडवला गेला. रॅम्स 23-16 नं जिंकले. वॉर्नरचे त्या सामन्यातले 414 यार्ड, त्या वेळचा सुपर बोलचा विक्रम. वय 28.

पुढंही सगळं सरळ नव्हतं. 2001 ला पुन्हा सर्वात मौल्यवान खेळाडू, पण त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात हार. मग दुखापती, मग रॅम्सनं सोडलं, न्यूयॉर्कला एका नव्या पोरासाठी जागा रिकामी करून द्यावी लागली. संपला म्हणाले लोक. तर हा ॲरिझोना कार्डिनल्सला गेला आणि 2009 च्या फेब्रुवारीत त्या दुबळ्या संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. हरले, 23-27. पुढच्या वर्षी निवृत्त. 2017 मध्ये एनएफएलच्या मानाच्या यादीत, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, नाव गेलं. छताखालच्या फुटबॉलच्या मानाच्या यादीत ते आधीच होतं. दोन्हीकडं नाव असलेला हा एकच खेळाडू. 2021 मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला.

इथपर्यंतची गोष्ट भाषणात सांगायला छान आहे. "जिद्द असेल तर सगळं शक्य आहे", टाळ्या, नारळ, समारोप. पण मला ती तशी सांगायची नाही.

मला विचारायचंय, 1995 मध्ये आयोवात तो छताखालचा संघ निघाला नसता तर? तोच वॉर्नर, तोच हात, तीच जिद्द. सीडर फॉल्सच्या दुकानात आज एक साठीकडं झुकलेला मॅनेजर दिसला असता, बस. "आमचा कर्ट काय खेळायचा म्हणून सांगू," असं गावातली माणसं सांगत राहिली असती.

खरं तर ती लीग स्वतः फार काळ टिकली नाही. एकेकाळी एकोणीस संघ होते. 2009 चा हंगामच रद्द झाला, मग पुन्हा सुरू झाली आणि 2019 मध्ये दिवाळं निघालं. तिथं खेळलेल्या शेकडो पोरांपैकी वॉर्नर एकच झाला, हेही खरं. पण बाकीच्यांनाही आपल्या भागात, आपल्या माणसांसमोर, चार वर्षं जास्त खेळायला मिळालं. हे काही कमी नाही.

आता महाराष्ट्राकडं या. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की पुण्याच्या नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता? पुणे मराठाज. 2011 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली. पैसे लावणाऱ्यांत अमेरिकेतली मोठमोठी नावं, आणि त्यात चक्क कर्ट वॉर्नरसुद्धा! पहिला हंगाम 2012 ला झाला. आपल्याकडची रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्समधली पोरं घेतली, हेल्मेटं चढवली. पुणे मराठाज दिल्लीला हरवून विजेते ठरले.

झालं काय? सामने खेळवले श्रीलंकेत आणि दाखवले टीव्हीवर. मराठाज जिंकले, पण पुण्यातल्या माणसानं आपल्या गल्लीत ढोल वाजवला नाही, कारण कुणाला पत्ताच नव्हता. आज ते नाव कुणाला आठवत नाही. त्या पोरांनी घाम गाळला, त्यांना माझा सलाम. पण वरून आणून ठेवलेलं कळसाचं टोक, खाली देऊळच नाही. आयोवात फुटबॉल प्रत्येक शाळेत होता, म्हणून मधली पायरी टिकली. आपल्याकडं पायाच नव्हता, तर पायरी कशावर ठेवणार?

उलट कबड्डीचं बघा. इथं पाया आधीपासून होता. गावोगाव मंडळं, यात्रा, मातीची मैदानं. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, मॅटवर, छताखाली, दिव्यांच्या झगमगाटात. तीही एक प्रकारे जिम फॉस्टरच्या पाकिटावरचीच कल्पना: मैदानी खेळ घ्या, छताखाली आणा, वेग वाढवा, माणसं जवळ बसवा. आणि चालली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला अस्लम इनामदार 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणचा कप्तान म्हणून करंडक उचलताना आपण घरोघरी पाहिला. 2022 ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो सुरू झाली. म्हणजे वरचा मजला आता आपल्याकडंही आहे.

आणि पाया घातला तर काय होतं, हे दुसरीकडं बघायला जायची गरज नाही. आपला प्रथमेश जावकर बघा. बुलढाण्याचं पोरगं. चंद्रकांत इलग सरांच्या हाताखाली धनुष्य धरायला शिकलं. मे 2023, शांघायचा विश्वचषक, समोर जगात पहिल्या नंबरचा नेदरलँडचा माइक श्लोसर. प्रथमेशनं त्याला 149-148 असं एका गुणानं हरवलं आणि सुवर्ण घेतलं. तेव्हा वय एकोणीस. त्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत रौप्य, आणि ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसोबत कोरियाला 235-230 नं हरवून सांघिक सुवर्ण. कोरिया, भाऊ! तिरंदाजीतला कोरिया!

हे कसं झालं? आपल्याच जिल्ह्यात रोज बाण सोडायला जागा होती, चूक दाखवणारा माणूस होता आणि शेजारी उभं राहून टक्कर देणारी पोरं होती. तेवढंच. आणि तेवढंच कबड्डीच्या, खो-खोच्या, कुस्तीच्या, धावण्याच्या पोरांना कॉलेजनंतर मिळत नाही.

शाळेत असेपर्यंत तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धा आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चांगलंच आहे. पण या सगळ्याचा परिणाम असा झालाय की आपल्याकडं खेळ प्रमाणपत्रासाठी खेळला जातो. प्रमाणपत्र फायलीत गेलं की बूट माळ्यावर. माझेही गेले, खोटं कशाला बोलू. एकोणीस ते पंचवीस या वयात, जेव्हा हात सगळ्यांत जास्त तयार होतो, तेव्हा पोरानं कुठं खेळायचं याचं उत्तर कुणाकडंच नाही. यात्रेतली स्पर्धा वर्षातून एकदा, एक रात्र, कधी होईल कधी नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या जिल्ह्यात तालुके तेरा. तेरा तालुक्यांचे तेरा संघ करा. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर सामने होतात 78. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी आवरत आली की डिसेंबरमध्ये सुरू करा, उन्हाळा लागायच्या आत संपवा. दर शनिवारी-रविवारी सामने. तारखा आधीच जाहीर. आज मेहकर विरुद्ध चिखली, उद्या मलकापूर विरुद्ध जळगाव जामोद. मॅट जिथं आहे तिथं मॅटवर, नसेल तिथं मातीवर. खेळाडूला जायचं-यायचं भाडं, एक वेळचं जेवण आणि सामन्यामागं थोडं मानधन. 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सवाला जेवढी माणसं येतात, तिथं त्या आठवड्यात एक मोठा सामना ठेवला तर बघायला कुणाला बोलवावं लागणार आहे का?

पैसा कुठून? दहीहंडीला, वाढदिवसाच्या फलकांना आणि एका रात्रीच्या स्पर्धेतल्या मोठ्या बक्षिसांना येतो तिथूनच. बक्षीस एका संघाला एका रात्री देण्यापेक्षा तेच पैसे तीन महिन्यांवर पसरा. खामगावचे व्यापारी, बाजार समित्या, पतसंस्था, आमदार-खासदार सगळ्यांना विचारू. कुणा एका पक्षाचं काम नाही हे. आणि मुलींचे संघ पहिल्या वर्षापासून, "पुढच्या वर्षी बघू" नको.

यातून लगेच वॉर्नर निघेल का? कदाचित नाही निघणार. पण खताच्या गोण्या उतरवणारा पोरगा शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मालकाला सांगेल, "शेठ, आज लवकर निघतो, सामना आहे." आणि शेठही दुकान लवकर बंद करून मागोमाग येईल.

वॉर्नर दुकानात काम करत होता याची लाज त्याला कधी वाटली नाही. काम करतच तो खेळला. आपल्या पोरालाही दुकान सोडायला कुणी सांगत नाही. त्याला फक्त खेळायला जागा द्या आणि तारीख द्या.

तुमच्या तालुक्यात असं पोरगं, अशी पोरगी असेल तर कमेंटमध्ये फक्त तालुका आणि खेळ लिहा. नाव नको, नंबर नको. तेरा तालुक्यांची यादी भरली की ती घेऊन आपण जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊ. कोण कोण येतंय तेही सांगा.